करवतीने केलेले कौतुक

अठराव्या शतकातल्या फ्रेंच फर्निचरमधील ‘शिनवाझरी’ला, म्हणजे चिनी धाटणीच्या सजावटीला, पूर्व-पश्चिमेचा संवाद म्हणण्याची रीत आहे. संवादाला दोन माणसे लागतात. इथे एकच होता, आणि त्याच्या हातात करवत होती.

लूव्रमधले खणांचे एक बुटके कपाट घ्या. 1737 साली ते फोंतेनब्लोच्या राजवाड्यात राणी मारी लेश्चिन्स्का हिच्यासाठी आले. पुरवणारा व्यापारी एबेर, घडवणारा बर्नार व्हान रिझांबुर्ग. त्यावरचे काळे-सोनेरी लॅकर मात्र जपानी. ही आपली किड्याची लाख नव्हे. झाडाच्या चिकाचा एकेक पातळ थर द्यायचा, दमट हवेत वाळवायचा, घासायचा, की पुन्हा पुढचा थर. असे ते महिनोन्‌महिने चालणारे काम. पॅरिसला तो चीक मिळत नव्हता. म्हणून पूर्वेकडून आलेल्या पेट्या आणि घडीचे पडदे कापले जात, मागचे लाकूड तासून पातळ केले जाई आणि तो पापुद्रा फुगीर कपाटावर वाकवून बसवला जाई. कापलेल्या कडा झाकायला सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझ होतेच. चित्रातला डोंगर मध्येच तुटला, तर तुटला!

कोणी म्हणेल, यात हौस होती, तिरस्कार नव्हता. हौस मान्य. त्या सुतारांचे कसबही मान्य. पण त्या हौसेला समोरच्याचे नाव विचारावेसे वाटले नाही. जपानी कामही ‘चिनी’ धाटणीत जमा झाले. चीनमध्ये घडलेले कोरीव पडदे तर ‘कोरोमंडल’ ठरले. का, तर युरोपला जाताना ते आपल्या पूर्व किनाऱ्यावरून जात. ज्याने केले त्याचे गाव पुसले गेले, जिथे जहाज थांबले त्याचे उरले. पॅरिसच्या सुताराला मात्र शतकाच्या मध्यापासून आपल्या नावाचा ठसा लाकडावर मारणे संघाच्या नियमानेच बंधनकारक होते.

अनेक भाषांतून वाचणाऱ्यांना हे अनोळखी वाटू नये. परक्या भाषेतला मजकूर सोयीपुरता कापायचा, आपल्या चौकटीत बसवायचा आणि त्याला आदानप्रदान म्हणायचे, हे आपल्याकडेही चालते. अनुवादकाचे नाव आजही कितीदा आतल्या पानावर शोधावे लागते.

मागणी साधी आहे. संग्रहालयांनी ही कपाटे जरूर मिरवावीत. फक्त पाटीवर, सुताराच्या नावाच्याही आधी, लिहावे: लॅकर जपानचे, कारागीर अज्ञात, इथे कापून बसवलेले.