पट्टा लावायला उपाशी येऊ नका

आठवा-नववा लागलेली कुणी एनएसटीला, म्हणजे पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके तपासायला आली, की मी नावाआधी विचारते, "सकाळपासून काय खाल्लंस?" बऱ्याच जणी खाली बघतात. पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, चतुर्थीचा उपास, नाहीतर ‘तपासणीला उपाशीच जायचं असतं’ असं शेजारणीनं सांगितलेलं. कपभर चहावर अकरा वाजलेले असतात.

मुलींनो, या तपासणीला उपाशी यायचं नसतं. उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर ती वेगळी. तिचं रक्त देऊन संपलं, की डब्यातली भाजी-भाकरी खा, पाणी प्या, लघवीला जाऊन या आणि मग पट्टा लावून घ्या.

पट्टे दोन असतात. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा पिशवीचं आकुंचन. ठोके मिनिटाला 110 ते 160 असावेत. बाळ हललं की ते जरा वेळ वाढतात, आणि कागदावर आम्ही तीच वाढ शोधतो. 32 आठवड्यांनंतर 20 मिनिटांत निदान दोनदा, दरवेळी 15 ठोक्यांनी आणि 15 सेकंद ठोके वाढले, की रिपोर्ट चांगला. वाढ दिसली नाही तर लगेच रडू नका. बाळ पोटातही झोपतं, बहुतेकदा 20 ते 40 मिनिटं. म्हणून आम्ही पट्टा आणखी वेळ ठेवतो, तुम्हाला कुशीवर वळवतो.

आता साखरेचं. आई जेवली की बाळाच्या छातीची श्वासासारखी हालचाल वाढते, हे सोनोग्राफीत दिसतं. त्यावरून ‘ग्लुकोजचं पाणी पाजा, बाळ उठेल’ ही समजूत रुजली. पण कॉक्रेन या संस्थेच्या 2012च्या आढाव्यात आईला ग्लुकोज दिल्यानं रिपोर्ट सुधारत असल्याचं आढळलं नाही. जेवून या म्हणते ते तुम्हाला चक्कर येऊ नये, अंगात ताकद असावी म्हणून. ज्यांना गरोदरपणातला मधुमेह आहे त्यांनी तर असलं गोड पाणी कुणाच्या सांगण्यावरून पिऊच नये.

खरी काळजी वाटते ती घरातल्या पेढ्याची. बाळ सकाळपासून गप्प आहे म्हटलं, की कुणीतरी मायेनं पेढा देतं, गार पाणी देतं. तेवढ्यात एखादी लाथ बसते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि अख्खी रात्र निघून जाते. सासूबाई, आई, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण बाळ थकलं असेल तर गेलेली ती रात्र परत मिळत नाही.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर आपल्या बाळाची रीत ओळखा. काही बाळं संध्याकाळी जास्त फिरतात, काही रात्री पाठ टेकली की. हालचाल कमी आहे की आपलंच लक्ष नव्हतं, असा संशय आला तर डाव्या कुशीवर पडा, मोबाईल बाजूला ठेवा, दोन तास मोजा. दहा हालचाली भरल्या नाहीत तर निघा. आणि कमी झाल्याची खात्रीच असेल, तर मोजतही बसू नका.

‘दिवस भरले, जागा उरली नाही, म्हणून हलत नाही’ हेही खरं नाही. लाथेची तऱ्हा बदलते, पण हालचाल बाळंतपणापर्यंत चालूच राहायला हवी.

एक गोष्ट बाया सांगायला लाजतात: मिशरी. ती दातांना लावली तरी तंबाखू रक्तातून बाळापर्यंत जातेच. तपासणीच्या दिवसापुरती नव्हे, आजपासूनच सोडा. सुटत नसेल तर मला सांगा, रागावणार नाही.

हालचाल कमी वाटली आणि गाडी नसेल तर 108ला फोन करा, आशाताईंना उठवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी या. पट्टा लावला, सगळं ठीक निघालं, तर ‘उगाच आले’ म्हणू नका. आणि घरी गेल्यावर पुन्हा कमी वाटलं, तर पुन्हा या.