रोजाची सवलत ताटात दिसू दे

रमजानचा चंद्र दिसला की घरोघरी सहेरी-इफ्तारची तयारी सुरू होते. ‘आज रोजा आहे ना?’ ही विचारपूसही सुरू होते. हाच प्रश्न दोन जिवांच्या सुनेला विचारला जातो, तेव्हा तिची पंचाईत होते. रोजा ठेवावा तर अंगात ताकद नाही, न ठेवावा तर चारचौघींत मान खाली. मग पुष्कळजणी रोजा ठेवत नाहीत आणि धड जेवतही नाहीत. स्वयंपाकघराचे दार लोटून उभ्या-उभ्या दोन घास खातात, एवढेच.

खरे तर धर्माने तिला अशा कोंडीत टाकलेलेच नाही. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. अनस बिन मालिक कअबी नावाचे एक सहाबी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले, तेव्हा प्रेषित जेवत होते. त्यांनी पाहुण्याला जेवायला बोलावले. पाहुणा म्हणाला, माझा रोजा आहे. त्यावर प्रेषितांनी त्याला जवळ बसवून सांगितले की प्रवासी, गर्भवती आणि अंगावर पाजणारी आई यांना अल्लाहने रोजातून सूट दिली आहे. तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे.

सुटलेले रोजे पुढे सवडीने भरून काढायचे, याला कजा म्हणतात. हनफी मताप्रमाणे एवढे पुरे. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्या मताप्रमाणे केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल, तर कजासोबत फिदया, म्हणजे रोजामागे एका गरिबाचे अन्न, द्यायचा असतो. बाळंतपणानंतर निफासच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो. प्रकृती चांगली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर गर्भवतीला रोजा ठेवता येतो. पण हा निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्यांचा नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दोघींत एकीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. अशा बाईने उन्हाळ्यात १३-१४ तास पाण्याविना राहणे धोक्याचे आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर धोका आणखी वाढतो. चक्कर आली, लघवी गडद व कमी झाली, डोके फार दुखले, रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रोजा तिथेच सोडून दवाखाना गाठावा. इफ्तारच्या चहाबरोबर लोहाची गोळी घेऊ नये. ती अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. रमजानपूर्वीची ९ तारीख चुकवू नये.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी लक्षात घ्यावी. ‘तुझा रोजा नाही ना, मग तू कर’ म्हणत भजी तळण्यापासून भांड्यांपर्यंतचे काम तिच्याच गळ्यात पडते. पहाटे तीनला उठून सर्वांची सहेरी तीच रांधते. रोजा माफ झाला, पण विश्रांती मिळाली नाही. मग त्या सवलतीचा उपयोग काय?

सासूबाईंनी दुपारी स्वतः ताट वाढून सुनेला सर्वांसमोर जेवायला बसवावे. नवऱ्याने सहेरीचे दूध स्वतः तापवावे. पुढे थंडीच्या लहान दिवसांत ती कजा रोजे ठेवील, तेव्हा घरातल्या कुणीतरी तिच्यासोबत उठावे. मशिदीत तरावीहनंतर इमामसाहेबांनी याच विषयावर पाच मिनिटे बोलावे. पुरुषांच्या कानावर हे गेलेच पाहिजे.

भुकेल्याची भूक कळावी म्हणून आपण रोजा ठेवतो. ती आपल्याच घरातल्या बाळंतिणीची कळली नाही, तर आपण रोजातून शिकलो काय?