कबुलीजबाबावर उभी राहिलेली सुरक्षा

दहशतवादाशी लढायचे तर लोकशाहीचे लाड परवडत नाहीत, पोलिसांचे हात मोकळे हवेत, आणि निर्दोष माणसाला कडक कायद्याची भीती कशाला? हा युक्तिवाद आता शहाणीसुरती माणसेही करतात. मुंबईच्याच दोन खटल्यांवर तो घासून पाहू.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. आरोपींवर मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लागला. १९९९ चा हा कायदा पोलीस उपायुक्तापुढचा कबुलीजबाब पुरावा मानतो. साध्या कायद्यात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. जामीन जवळपास अशक्य, आरोपपत्राला १८० दिवसांची मुभा. म्हणजे हात मोकळेच होते.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाचांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. एकजण तोवर कैदेतच मरण पावला होता. न्यायालयाला वेगवेगळ्या कबुलीजबाबांत तोच मजकूर आढळला. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचे सांगणारे टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवसांनी बोलले होते. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. या निकालाचा पायंडा धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितले. पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. निर्दोषाला भीती कशाला, याचे उत्तर या माणसांनी एकोणीस वर्षे भोगले आहे.

यावर म्हणतात, चूक तपास करणाऱ्यांची, कायद्याची नव्हे. हे मला मुळीच पटत नाही. कोठडीतली कबुली कोर्टात चालणार हे ठाऊक असले, की बाहेर वणवण करून पुरावा जमवण्याची निकड उरत नाही. तपास सैल पडतो, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहिला असेल तर त्याचा शोधही थांबतो. ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली, त्यांच्या पदरात काय पडले?

आता २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा दहशतवादी हल्ला पाहा. हल्लेखोरांपैकी जिवंत पकडलेल्या कसाबवर मोक्का नव्हता. यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा होता, पण त्यातही पोलिसांपुढची कबुली ग्राह्य नाही. त्याला वकील मिळाला, खटला उघड पुराव्यावर चालला: सीएसटीवर वृत्तछायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रे, सीसीटीव्हीचे चित्रण, गोळ्या झेललेल्या प्रवाशांच्या साक्षी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. कसाबची शिक्षा मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये अमलात आली. लोकशाहीची सारी बंधने पाळून राज्याने आपला सर्वांत मोठा खटला जिंकला.

सरकारची धाव मात्र नव्या कायद्याकडेच: रेल्वे खटल्यातल्या उच्च न्यायालयाच्या निकालाआधी अकराच दिवस विधानसभेने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यात एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आहे. कायदे वाढवण्यापेक्षा न्यायवैद्यक प्रयोगशाळांतली रिकामी पदे भरा, तपासाला स्वतंत्र मनुष्यबळ द्या, मोक्कातले कबुलीजबाबाचे कलम काढा, आणि निर्दोष सुटलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा करा. वाचकहो, आपल्या आमदाराला या चार मागण्या लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच मागा.