गिटार विकायचीय? आधी केस उघडून बघा

मुलं कॉलेजला गेली की न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोकडच्या एखाद्या मराठी घराच्या बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक गिटार मागे राहते. घर आवरताना ती गराज सेलमध्ये मातीमोल काढू नका, ही कळकळीची विनंती. जिची आहे त्या मुलाला किंवा मुलीला आधी फोन करा. विकायचं ठरलंच, तर केस उघडून नीट बघा.

ती लिमिटेड एडिशन असू शकते. फेंडरने 2006 साली एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’ गिटारच्या हुबेहूब 275 प्रती काढल्या, एकेकीची किंमत 24,000 डॉलर. सगळ्याच मर्यादित आवृत्त्या एवढ्या महाग नसतात. पण अशा गिटारचं मोल लाकडाइतकंच कागदपत्रांतही असतं. अनुक्रमांक, प्रमाणपत्र, मूळ केस, केसच्या कप्प्यातला ट्रेमोलोचा दांडासुद्धा फेकू नका. पिकअप बदलले असतील तर जुने शोधून सोबत द्या.

आणि कृपा करून तिला नटवू नका. धूळ मऊ कापडाने पुसा, बस्स. नवा रंग दिला की किंमत धाडकन उतरते. दोषही लपवू नका. गिब्सनची लेस पॉल पडली की बहुधा खुंट्यांच्या खालीच तडकते, कारण तिथे महोगनीची मान बारीक असते आणि वरचा भाग मागे कललेला. जोड असेल तर त्याचा जवळून फोटो टाका, विचारण्याआधीच सांगा.

भाव ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका. ईबे, रिव्हर्बवर तशी गिटार प्रत्यक्षात कितीला गेली, ते बघा.

कुणी जास्त रकमेचा कॅशियर्स चेक पाठवून वरचे पैसे परत मागितले, तर सौदा तिथेच मोडा. बँक खात्यात पैसे दाखवते, तुम्ही फरक पाठवता, आणि काही दिवसांनी चेक खोटा निघतो. मग सगळी रक्कम तुमच्याच खात्यातून वळती होते. समोरासमोर व्यवहार असेल तर पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटा, अनेक गावांत त्यासाठी खास जागा राखलेली असते.

भारतातल्या भाच्याला पाठवणार असाल तर लाकूड तपासा. ब्राझिलियन रोजवुडवर 1992 पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, परवान्याशिवाय ती गिटार देशाबाहेर पाठवू नका.

पाठवताना तारा थोड्या सैल करा, खुंट्यांभोवती गच्च कागद भरा, विमा उतरवा. थंडीत पाठवली तर घेणाऱ्याला बजावा, खोकं आल्यावर दिवसभर घरात बंदच ठेव. गार पडलेल्या लॅकरला एकदम ऊब लागली की बारीक चिरा जातात.