आळस म्हणण्याआधी आजार पाहा



लागण, बेणे, खत आणि पाणी यांवरच मी या पानावर नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी तो आपल्या उसाच्या तोडीशी जोडलेला आहे.

उसाला हुमणी लागली की पाने पिवळी पडतात, बेट वाळते आणि हाताने ओढले तरी उपटून येते. कीड वरून दिसत नाही, ती मुळाशी असते. तेव्हा 'ऊस आळशी झाला' असे आपण म्हणत नाही, माती उकरून पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण लगेच बोलून मोकळे होतो, "कामचुकार आहे, काढून टाका!"

काही हंगामांपूर्वी एका गटातल्या चिटबॉयचे असेच झाले. वर्षानुवर्षे चोख काम करणारा माणूस, पण नोंदीत लागणीच्या तारखा चुकू लागल्या. "माझा आडसाली उभा अन् शेजाऱ्याचा खोडवा तुटला कसा?" म्हणून सभासद ऑफिसात येऊन भांडू लागले. घरी चौकशी केली तेव्हा कळले, की महिनाभर त्याला धड झोप नाही, जेवण तुटलेले आणि कोणाशी बोलणे नाही. तज्ज्ञ डॉक्टरांनी नैराश्य असल्याचे सांगितले. औषधे आणि समुपदेशन सुरू झाले. अडीच महिन्यांनी तो कामावर आला आणि आज त्याच्या नोंदवहीत खाडाखोड सापडत नाही.

मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप-भूक बिघडणे, लक्ष न लागणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. "जगून काय उपयोग?" असे कोणी म्हणाला तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. रात्रपाळीने झोप मोडते. मिल किंवा बॉयलरवरच्या माणसाचे चित्त ठिकाणावर नसेल, तर प्रश्न चुकीच्या नोंदीचा राहत नाही, जिवाचा होतो. हंगामी कामगार तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत या भीतीने दुखणे लपवतो.

कोणी म्हणेल, "उद्या जो तो आजाराचे सोंग घेईल." अहो, पोटदुखीचेही सोंग घेता येते, म्हणून आपण आजारपणाची रजा बंद केली काय? डॉक्टरांचा दाखला तेथे चालतो, तसा येथेही चालावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखीच मानसिक आजाराच्या उपचारालाही विम्याची सोय द्यावी, असे त्यात सांगितले आहे. कायद्याने जो भेद काढला, तो आपण टाईम ऑफिसात का ठेवावा?

माझे म्हणणे एवढेच. चांगल्या माणसाचे काम एकाएकी घसरले तर खुलासा मागण्याआधी खातेप्रमुखाने त्याला एकांतात बसवून विचारावे. दाखला असेल तर रजा द्यावी. परतल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस रात्रपाळी आणि यंत्रावरचे काम टाळावे. त्याचे दुखणे गावभर करू नये. शासनाचा टेलि-मानस हा मोफत दूरध्वनी क्रमांक 14416 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो टाईम ऑफिस, कँटीन आणि प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहावा. आपल्या घरच्यांसाठीही तो टिपून ठेवा, शेतकऱ्याच्या घरालाही हे दुखणे चुकलेले नाही.

कारखाना आपला आहे, तशी त्यात राबणारी माणसेही आपल्याच गावची पोरे आहेत. वार्षिक सभेत एखाद्याला काढण्याची मागणी करण्यापूर्वी आधी मुळाशी पाहावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी