ईदची यादी आणि मुलांची माहिती

ईद जवळ आली की शीवला आमच्या घरी भाच्यांच्या फर्माइशी सुरू होतात. यंदा भाचीने मोबाइलवर यादी करायला घेतली. हवी होती एक कंपासपेटी नि गोष्टींची दोन पुस्तकं. अ‍ॅपने मात्र आधी जन्मतारीख, फोटो, शाळेचं नाव विचारलं. मी म्हटलं, "थांब बेटा. ईदी देणाऱ्या मामूला तुझी शाळा ठाऊक आहे. मग हे कुणासाठी?"

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नयेत, असं तो सांगतो. नियम २०२५ मध्ये आले, तेही मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत देऊन. तोवर, आणि नंतरही, दार आपणच लावायचं.

माझे तीन प्रश्न सोपे आहेत. मुलाच्या नावाने खातं न उघडता काम होतं का? यादी फक्त घरच्यांनाच दिसते का? ईदनंतर सगळं पुसता येतं का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर वहीचं पान बरं. भाचीने तेच केलं. बहिणीने पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कंपासपेटी मी घेतली. शाळेचं नाव घरातच राहिलं.