बैठकीच्या खोलीतील 'बार'

अलीकडे जबलपुरातील आपल्या मराठी अधिकाऱ्यांच्या घरांतून एक नवे दैवत बसू लागले आहे. बैठकीच्या खोलीचा उत्तम कोपरा अडवून साडेतीन फूट उंचीचा ओटा बांधावयाचा. त्यावर संगमरवरी फरशी, पाठीमागे आरसे, आरशांपुढे बाटल्यांची आरास, वर निळसर दिवे आणि समोर चार उंच तिवया. यास 'होम बार' म्हणतात.

आम्ही दारूबंदीचे प्रचारक नव्हे. कोणी आपल्या घरी, आपल्या पैशाने, कायद्याच्या मर्यादेत दोन घोट घेत असेल तर त्यास प्रवचन ऐकविण्याची आमची इच्छा नाही. आमचे भांडण पेल्याशी नसून ओट्याशी आहे.

ही वस्तू मुळात घराची नव्हेच. जबलपूरकरांना तरी हे सांगावे लागू नये. येथील लष्करी मेसमध्ये १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अंमलदाराने स्नूकरचा खेळ काढला, असे मानतात. आप्तस्वकीय साता समुद्रांपलीकडे, आणि पावसाळी दुपार काही केल्या सरत नाही. अशा माणसांनी मेसमध्ये जमावे, खेळ काढावेत, ओट्याशी उभे राहून प्यावे, यात नवल ते काय? बार हे घर नसलेल्यांचे उपकरण आहे. ज्याला घर आहे त्याने ते आत आणून घराचीच मेस करावी, ही शोभा आम्हांस समजत नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील तळीरामाच्या कंपूचे आर्यमदिरामंडळसुद्धा निराळे होते!

परमुलखात मराठी माणसाची बैठक ही नुसती खोली नसते. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन उच्च न्यायालय नागपूरहून जबलपुरास आले. तोफगाडीचा कारखाना तर १९०४ पासूनचा. या ना त्या कचेरीच्या निमित्ताने इकडे आलेल्या घरांत हळदीकुंकू झाले ते बैठकीत, गणपती बसला तो बैठकीत, दिवाळी अंक हातोहात फिरले तेही तेथूनच. शाळेत आणि बाजारात हिंदी बोलणारी मुले वडीलधाऱ्यांची मराठी ऐकत ती त्याच सतरंजीवर लोळत. आता तिवईवर आजीबाईंना चढता येत नाही, मुलांना तेथे थांबू द्यावयाचे नसते, आणि गृहिणी आतून शेंगदाणे पाठविते. उरतात चार पुरुष, खोलीकडे पाठ करून बसलेले. बोलणे बदल्यांचे आणि बढत्यांचे, आणि तेही इंग्रजीत. कोणाच्या पुढ्यात कोणती बाटली यावी हे हुद्द्यावरून ठरते. हाताखालचा कारकून, जो पूर्वी एकादशीला निःसंकोच येऊन चहा घेई, तो आता दारावरची घंटा वाजविण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

बरे, ऐपतीचे काय? मध्य प्रदेश सरकारने २०२२-२३ च्या अबकारी धोरणात घरगुती बारचा परवाना काढला, तेव्हा वर्षाला किमान १ कोटी रुपये उत्पन्नाची अट घातली आणि वार्षिक शुल्क ५० हजार रुपये ठेवले. म्हणजे सरकारच्या हिशेबीही ही चैन पगारदाराची नव्हे! परवान्यावाचून घरात किती साठा ठेवता येतो याला मर्यादा आहे, आणि केंद्र सरकारच्या नोकरास त्या त्या प्रांतीचा मद्यविषयक कायदा कसोशीने पाळावयास सांगणारा नियम १९६४ पासून वर्तणूक नियमांत आहेच. तेव्हा आरशापुढची ती आरास पुष्कळदा रिकाम्या बाटल्यांची असते, हे ओघानेच आले. (भरलेली असेल तर वाइन त्या दिव्यांच्या उजेडाने आणि उष्म्याने बिघडते, ती गोष्ट निराळी.)

ज्यांना पाहुण्याचा आदर करावयाचा आहे त्यांना दाराचे एक लहान कपाट पुरे. हवे तेव्हा उघडावे, एरवी मिटलेले असावे, आणि खोली सर्वांना मोकळी राहावी. त्यास कुलूप असले म्हणजे मुलांच्या दृष्टीनेही बरे. शिवाय बदलीचा हुकूम आला की कपाट ट्रकात चढते. भिंतीत ठोकलेला ओटा मात्र चढत नाही. तो तोडून, भोके बुजवून, भिंतीस पुन्हा चुना देऊन क्वार्टर पूर्ववत ताब्यात द्यावे लागते, आणि तो खर्च प्रवासभत्त्याच्या बिलात कोठेच बसत नाही.